संकट सांगावें कसें ?

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेंत एका परोपकारी संस्थेचे दोन तरुण कार्यकर्ते आले होते. पृथ्वी तापत आहे, ऋतूंचा क्रम बिघडत आहे, आणि कोळसा व तेल सोडून सूर्य, वारा व पाणी ह्यांच्या शक्तीवर मनुष्यानें आपला संसार चालविला पाहिजे, हें मुलांस समजावून द्यावें असा त्यांचा हेतु होता. हेतु उत्तम होता, आणि माणसेंही प्रामाणिक होतीं. त्यांनीं पडद्यावर चित्रें दाखविलीं, भिंतीवर तक्ते लाविले आणि अखेरीस "पृथ्वी वाचवा" ह्या विषयावर निबंधांची चढाओढ ठेविली. निबंध तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या कामांत आमच्या हातून एक चूक घडली. तिच्यामुळेंच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. म्हणून ती प्रथम सांगून टाकणें बरें.

पहिलें बक्षीस ज्या निबंधास दिलें, त्यांत ध्रुवावरील अस्वल होतें, वितळणारें बर्फ होतें, आणि शेवटीं सर्व मनुष्यजातीस केलेलें आवाहनही होतें. भाषा शुद्ध, अक्षर मोत्यासारखें. अकलोलीच्या एका मुलीचा निबंध मात्र अर्ध्या पानाचाच होता. तिनें लिहिलें होतें कीं, आपली आई पहांटे सरपणाला जाते. घरांत गॅसची टाकी आहे, पण ती संपली म्हणजे पुन्हां भरून आणण्यास पैसे नसतात. लांकूड जाळूं नका असें तक्त्यावर लिहिलें आहे, तर मग भात शिजवावा कशावर? आणि खालीं एक ओळ होती : आमच्या गांवच्या कुंडांतलें पाणी रात्रंदिवस आपोआप ऊन असतें, त्याची वीज कां करीत नाहींत ? आम्हीं त्या निबंधावर "विषयास सोडून" असा शेरा मारिला व तो बाजूस ठेविला.

पुढें कांहीं कामानिमित्त आम्ही अकलोलीस गेलों असतां त्या मुलीच्या आईची गांठ पडली. तिनें कसलाही रोष न दाखवितां एवढेंच विचारलें, "मास्तर, आम्ही चूल पेटवितों म्हणून पाऊस बिघडला, असें पोरगी सांगते. खरें काय ?" वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही मुलांस शिकवीत आलों, पण ह्या साध्या प्रश्नाला त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. तानसेच्या कांठानें परत येतांना मनास वाईट वाटलें. तें अर्धें पान खरोखर विषयावर होतें. विषय सोडून बोललों ते आम्हीच.

आतां कोणाचा गैरसमज होऊं नये म्हणून आरंभींच स्पष्ट करितों कीं, संकट खोटें आहे असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. युनिस फूट नांवाच्या अमेरिकन स्त्रीनें काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या, आणि ज्या नळींत कार्बन डायऑक्साइड होता ती अधिक तापली व निवण्यास पुष्कळ अधिक वेळ लागला, हें तिनें १८५६ सालीं प्रसिद्ध केलें. १८५९ मध्यें टिंडल ह्यांनीं वायूंचा हा उष्णता शोषून घेण्याचा गुण मोजून दाखविला, आणि १८९६ मध्यें स्वीडनच्या अऱ्हेनियस ह्यांनीं हवेंतील हा वायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल ह्याचें गणित मांडिलें. म्हणजे ही विद्या कालपरवांची नव्हे. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. २०२४ हें वर्ष मोजमापें सुरू झाल्यापासूनचें सर्वांत उष्ण ठरलें. त्या जुन्या काळाच्या मानानें पृथ्वीचें सरासरी तपमान त्या वर्षीं सुमारे दीड अंशानें अधिक भरलें. आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं इतर शास्त्रज्ञांसह २०१७ सालीं असें दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारें तिपटीनें वाढल्या. तेव्हां संकट खरें आहे. प्रश्न आहे तो, तें कोणास, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या अधिकारानें सांगावें, हा.

पहिला मुद्दा सत्याचा. चुलीसंबंधानें त्या तक्त्यावर जें लिहिलें होतें, त्यांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. कोळसा व खनिज तेल ह्यांतील कर्ब कोट्यवधि वर्षें जमिनीच्या पोटांत गाडलेला होता. तो जाळला म्हणजे हवेंत नवी भर पडते, आणि त्या भरीचा बराच अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. रानांतील वाळक्या फांट्यांची गोष्ट तशी नाहीं. त्यांतील कर्ब झाडानें थोड्या वर्षांपूर्वीं हवेंतूनच घेतलेला असतो. झाड पुन्हां फुटलें तर तें तो परत घेतें. झाडेंच तोडून नाहींशीं केलीं तर हा हिशेब जुळत नाहीं, हें खरें. पण डोक्यावर मोळी आणणारी बाई रान उजाड करीत नसते. ह्याच्या उलट, चुलीच्या धुरानें तिचे डोळे चुरचुरतात, छाती भरते, आणि कडेवरच्या मुलालाही खोकला लागतो, हें निःसंशय खरें आहे. म्हणजे चूल सुधारण्याचें कारण तिच्या स्वतःच्या छातींत आहे. तें सोडून पावसाच्या बिघाडाचा दोष तिच्या पदरांत घालणें म्हणजे जेथें उपकार करावयाचा तेथें आरोप करणें होय.

हिशेबच पाहावयाचा तर तो पुरता पाहावा. अमेरिकेंत दर माणशीं वर्षाला सुमारें चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. साऱ्या जगाची सरासरी चार-पांच टनांच्या दरम्यान आहे. आपल्या देशाची सरासरी सुमारें दोन टन. ह्या दोन टनांतही मुंबईच्या थंड केलेल्या दालनाचा वांटा आणि अकलोलीच्या कौलारू घराचा वांटा सारखा नाहीं. आमच्या भागांतून वाहणारी तानसा नदी ह्या बाबतींत पुष्कळ शिकविते. तिच्यावरचें धरण १८९२ सालीं पुरें झालें आणि तेव्हांपासून तिचें पाणी मुंबईच्या नळांस जात आहे. शहरानें ह्या रानांपासून शंभरांहून अधिक वर्षें घेतलें. आतां उपदेशही प्रथम ह्याच रानांत पाठवावा, हें न्यायाचें दिसत नाहीं. भिवंडीच्या रस्त्यांच्या दुतर्फा आज गुदामेंच गुदामें उभीं आहेत. त्यांचीं छपरें मैदानाएवढीं आहेत, आणि त्यांवर वर्षांतील आठ महिने स्वच्छ ऊन पडतें. सौरशक्तीचा तक्ता लावण्यास त्या छपरांच्या मालकांच्या कचेऱ्या ही पहिली जागा, आणि तीन दगडांच्या चुलीची भिंत ही शेवटची, असें आमचें मत आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. त्या तक्त्यांवर "कार्बन पदचिन्ह", "निव्वळ शून्य उत्सर्जन", "हवामान-लवचिकता" असे शब्द होते. व्याकरणदृष्ट्या ते मराठी असतील. पण कोणत्याही घरांत, कोणत्याही बांधावर ते कोणाच्या तोंडीं नाहींत. शेतकऱ्यास "हवामानांत बदल झाला आहे काय ?" असें विचाराल तर तो आपल्याकडे नुसता पाहत राहील. मृगांत पेरा झाला काय, राब भाजून झाल्यावर अवकाळी पाऊस आला काय, आवणीच्या वेळीं उघडीप किती दिवस पडली, दाणा भरतांना पावसानें झोडपलें काय, असें विचारा. तो तुम्हांस तासभर उठूं देणार नाहीं. बदलाचें सारें ज्ञान त्याच्यापाशीं आहे. कमी आहे तें त्या ज्ञानास कारणाशीं जोडून देणारें माणूस.

हें जोडून देणें कठीण आहे काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. गोधडीला स्वतःची ऊब नसते. अंगाची ऊब ती बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच. हवेंतील हा वायु म्हणजे पृथ्वीची गोधडी. ती मुळींच नसती तर आपण थंडीनें गारठून गेलों असतों. पण गेलीं दीडदोनशें वर्षें आपण तिच्यावर थरावर थर शिवीत चाललों आहों, आणि आतां आंतल्याचा जीव गुदमरूं लागला आहे. एवढें सांगितल्यावर पांचवीच्या मुलासही पुढचा विचार सुचतो. मराठींत शास्त्र सांगण्याची परंपरा तर फार जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं १८४० मध्यें "दिग्दर्शन" मासिक काढून त्यांत भूगोल व पदार्थविज्ञान ह्यांसारखे विषय मराठी वाचकांपुढें मांडिले. पुण्यास १९२८ मध्यें "सृष्टिज्ञान" मासिक निघालें. १९६६ मध्यें मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ही शिदोरी घरांत असतां परक्या तक्त्यांचें शब्दशः भाषांतर करून आणण्याचें कारण नाहीं.

तिसरा मुद्दा प्रश्नांचा. आणि येथें आमच्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या ओळीकडे वळलें पाहिजे. कुंडाच्या उष्णतेची वीज होईल काय, हा तिचा प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. इटलींतील लार्देरेल्लो ह्या गांवीं जमिनींतून निघणाऱ्या वाफेवर १९०४ सालीं पांच दिवे लावून दाखविण्यांत आले, आणि पुढें तेथें वीजघर उभें राहिलें. आपल्या देशांत लडाखमधील पुगा खोऱ्यांत असा प्रयोग करण्याचा करार २०२१ मध्यें झाला. मग अकलोलीस कां नाहीं ? ह्याचें उत्तर शोधण्यांत आमच्या दोन सायंकाळ गेल्या, आणि त्या सत्कारणीं लागल्या.

आपल्या कोंकणच्या पट्टींत अशा ऊन झऱ्यांची एक मोठी मालिकाच आहे. अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी हीं ठिकाणें तिच्या उत्तरेकडच्या भागांत येतात, आणि दक्षिणेकडे उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी ती पुढें जाते. येथें ज्वालामुखी जागा आहे असें कोणी समजूं नये. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा, आणि केव्हांच निवून गेलेला. पावसाचें पाणी खडकांतील भेगांवाटे फार खोल उतरतें. जमिनींत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढत जाते, साधारणतः एका किलोमीटरास पंचवीस-तीस अंशांनीं. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें, तेंच आपलें कुंड. अकलोलीच्या कुंडांत हात घातला तर चटका बसतो, पण तें पाणी उकळत नाहीं. त्यावर भात शिजत नाहीं, आणि त्याची वाफ चक्र फिरविण्यास पुरत नाहीं. कमी उष्णतेवर उकळणारें दुसरें द्रव वापरून वीज करण्याची युक्ति आहे. परंतु तिलाही बहुधा ह्याहून ऊन पाणी लागतें, आणि तें खालीं आहे काय हें खोल छिद्र पाडून पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. छिद्र पाडतांना झऱ्याची वाट बदलली तर सांधेदुखीचे जे लोक येथें लांबून स्नानास येतात, त्यांचा आधारही जाईल. तेव्हां आजचें प्रामाणिक उत्तर असें : कुंड हें स्नानाचें आहे, विजेची आशा त्यावर धरूं नये, आणि भूगर्भशास्त्र शिकून कोणी ह्याच गांवचें माणूस उद्यां अधिक नीट उत्तर देईल तर आनंदच आहे.

हें सारें आम्हीं वर्गांत सांगितलें. उत्तर "नाहीं" असें होतें. तरी त्या तासाला मुलांनीं जितके प्रश्न विचारले, तितके त्या रंगीत चित्रांच्या दिवशीं विचारले नव्हते. "तुमच्या गांवीं विजेचा गुप्त खजिना आहे" अशी घोषणा केली असती तर टाळ्या पडल्या असत्या, आणि दोन वर्षांनीं आमच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दावर कोणी विश्वास ठेविला नसता.

चौथा मुद्दा कृतीचा. ज्या संस्थांचें सांगणें खरोखर लोकांच्या घरांत शिरलें, त्यांनीं काय केलें तें पाहावें. डॉ. आनंद कर्वे ह्यांनीं १९९६ मध्यें पुण्यास स्थापन केलेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या "आरती" ह्या संस्थेचें उदाहरण घेऊं. ऊस तोडल्यावर शेतांत राहणारें पाचट शेतकरी जाळून टाकतात. त्याचाच कोळसा करून चुलीस वापरावा अशी रीत ह्या संस्थेनें बसविली, आणि त्याबद्दल २००२ मध्यें तिला इंग्लंडांतील अ‍ॅशडेन पारितोषिक मिळालें. शेणाऐवजीं घरांतील उष्ट्या-खरकट्यावर चालणारें लहानसें गोबर-गॅसासारखें संयंत्र तिनें सिद्ध केलें, त्याबद्दल २००६ मध्यें पुन्हां तेंच पारितोषिक मिळालें. जुन्नर तालुक्यांतील दरेवाडी ह्या डोंगरांतल्या वाडीवर २०१२ मध्यें सूर्यशक्तीचें लहान वीजघर उभारण्यांत आलें. पुण्याचीच "प्रयास" ही संस्था विजेचे दर, तारा व ग्राहकांचे हक्क ह्यांचा बारकाईनें अभ्यास करून तो लोकांपुढें व आयोगापुढें मांडीत आली आहे. ह्या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. लोकांना नडतें काय हें त्यांनीं आधीं पाहिलें, हातांत धरतां येईल अशी वस्तु किंवा तपासतां येईल असा आंकडा पुढें ठेविला, आणि उपदेश त्याच्या मागून केला किंवा मुळींच केला नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, अशा संस्थांपाशीं पैसा थोडा, माणसें थोडीं. शंभर गांवांत जावयाचें तर प्रत्येक चुलीपाशीं बसून कसें चालेल? घोषणा व चित्रें ह्यांवांचून गति नाहीं. आणि थोडें भय घातल्यावांचून झोंपलेला माणूस उठत नाहीं. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. आमच्या मुलांस त्या चित्रांमुळेंच ह्या विषयाची पहिली ओळख झाली, हें आम्ही विसरत नाहीं. ती मुलगीही त्या दिवशींच विचार करूं लागली. परंतु भयाचा उपयोग जागें करण्यापुरता आहे. जागा झालेल्या माणसास करावयास कांहीं दिलें नाहीं तर तो पुन्हां कूस बदलून निजतो, आणि दुसऱ्या हांकेस उठत नाहीं. शंभर गांवांत एकदां जाण्यापेक्षां दहा गांवांत दहादां जावें, असें आम्ही नम्रपणें सुचवूं. तसेंच प्रत्येक पूर व प्रत्येक वादळ ह्याच एका कारणाच्या माथीं मारण्याचा मोह टाळावा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसाचा संभव तापणाऱ्या हवेनें वाढतो, हें सांगावें. पण त्या दिवशीं मिठी नदीचें पात्र आपणच बुजवून ठेविलें होतें, हेंही त्याच दमांत सांगावें. अर्धें सत्य लोक लवकर ओळखतात.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचें सांगणें एवढेंच आहे. ह्या विषयावर पुन्हां निबंध लिहावयाची वेळ आली तर ध्रुवावरील अस्वल खुशाल असूं द्या. पण त्याच्या आधीं आपल्या परसांतील एक तरी गोष्ट असूं द्या. आजोबांस विचारा कीं, त्यांच्या लहानपणीं आवणी केव्हां होत असे. कोणी कागद हातांत दिला तर तीन प्रश्न विचारा : हें कोणीं मोजलें ? हें मी माझ्या घरीं करूं शकतों काय ? आणि हें सांगणारे पुढच्या वर्षीं परत येणार आहेत काय ? शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे; आठवीचा वर्ग रोज सकाळीं आंकडा वहींत टिपील. दहा वर्षांनीं ती वही कोणत्याही तक्त्याहून अधिक बोलेल.

पालकवर्गास एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. घरावर सूर्यशक्तीचे पत्रे बसविण्यासाठीं केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें योजना सुरू केली. तींत एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये इतकें साहाय्य ठरविण्यांत आलें. एक किलोवॉटाचे पत्रे स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सुमारें चार युनिट वीज देतात. पावसाळ्यांत पुष्कळ कमी. ज्यांचें छप्पर पक्कें व स्वतःचें आहे, त्यांनीं आपल्या वर्षभराच्या बिलाशीं हा हिशेब ताडून पाहावा, आणि दारांत येणाऱ्या दलालाच्या गोड बोलण्यावर सही करूं नये. ज्यांचें छप्पर पक्कें नाहीं, त्यांस ह्या योजनेचा उपयोग थोडा. त्यांच्यासाठीं धुराडें असलेली चूल आणि परवडणारी गॅसची टाकी हीच पहिली गरज आहे, आणि ती मागण्याचा त्यांस पुरा अधिकार आहे.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हां अकलोलीस जाऊन आलों. त्या बाईंस आम्हीं सांगितलें कीं, तुमच्या चुलीनें पाऊस बिघडला नाहीं. पण चुलीच्या धुरानें तुमची छाती बिघडते आहे, म्हणून तिची कांहीं तरी व्यवस्था करूं या. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "मास्तर, हें त्याच दिवशीं सांगावयाचें होतें. पोरगी चार महिने मला चूल पेटवूं देत नव्हती." त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. बक्षीस दिलें तें दिलें, तें परत घेतां येत नाहीं. मात्र त्या अर्ध्या पानावरचा शेरा आम्हीं आमच्या हातानें खोडला आहे, आणि यंदाच्या चढाओढीचे निबंध तपासण्यास आमच्यासोबत अकलोलीच्या दोन मातांनीं बसावें, अशी विनंति त्यांस केली आहे.